दुसरी रेघ

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, गावच्या सरपंच माननीय दुर्गाबाई, आमच्या वैद्यकीय अधिकारी डॉ. उमा मॅडम, सत्कारमूर्ती नंदाबाई सिस्टर, त्यांची कन्या आकांक्षाताई, भोकरदन-केदारखेड्याहून आलेली पाहुणेमंडळी आणि एवढ्या उकाड्यात मांडवात बसून राहिलेल्या बंधू-भगिनींनो,

मी मुकुंद. या आरोग्य केंद्राच्या प्रयोगशाळेत रक्त तपासतो. मला बोलायला पाच मिनिटं दिली आहेत. मी दहा घेणार आहे, आणि मोजून घेणार आहे. मधूनमधून मी घड्याळाकडे बघेन, तेव्हा याला जालन्याची बस गाठायची दिसते असं समजू नका. कारण वेगळं आहे. ते न सांगण्याचा शब्द मी एका माणसाला दिलाय, आणि दिल्यापासून मला चैन नाही.

निरोपाच्या भाषणात सत्कारमूर्तींचं कौतुक करायचं असतं. मी मात्र तक्रार करणार आहे. इथल्या चौतीस वर्षांत या बाईंनी जखमी माणसाच्या शब्दावर कधी विश्वास ठेवला नाही. खोटं वाटतं? कडूबाभाऊ समोरच बसलेत. त्यांना न विचारताच त्यांचं सांगतो.

गेल्या साली उकिरड्यावर खत भरताना कडूबाभाऊंच्या पायावर फावडं बसलं. आले तेव्हा जखमेत हळद, हळदीवर शेणमाती. मी विचारलं, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं? म्हणाले, "मागच्या पोळ्यालाच की." उत्तर इतकं ठाम, की मी कागदावर 'घेतले आहे' असं लिहून मोकळा झालो. नंदाबाई पलीकडे जखमेची तयारी करत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "कुठं टोचलं व्हतं, कडूबा?"

"मानेला."

हसा, हसा. मीही हसलो होतो. पोळ्याआधी नाल ठोकताना त्यांच्या बैलाच्या खुरात खिळा शिरला होता, आणि जनावरांच्या डॉक्टरांनी बैलाला टोचलं होतं. घरात एकाला टोचलं की घराला टोचलं, हा आपल्याकडचा समज. त्यात बैल तर घरातलाच!

एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या अभ्यासासाठी आमच्याकडे तपासणीच्या पट्ट्या येतात. बोटाच्या रक्ताचा एक थेंब, त्यावर द्रावाचे दोन थेंब, मग दहा मिनिटं थांबायचं. पहिली रेघ उमटली म्हणजे पट्टी नीट चालते. दुसरी उमटली तर अंगात धनुर्वाताला तोंड देण्याची ताकद आहे. नाही उमटली, तर नाही. कडूबाभाऊंची दुसरी रेघ आली नाही. त्यांना इथे लस दिली, आणि तयार प्रतिकारशक्तीचं दुसरं इंजेक्शन घ्यायला जालन्याला धाडलं. तेव्हापासून आलेल्यांत बायकांच्या पट्टीवर बहुतेक वेळा दोन रेघा दिसल्या आणि बाप्यांच्या पट्टीवर एक. बाळंतपणाच्या निमित्तानं बायकांना सुई मिळते. बाप्याला कोण बोलावणार?

चार मिनिटं झाली.

कडूबाभाऊ गेल्यावर मी 'मानेला' म्हणत पुन्हा हसत होतो. नंदाबाई हसल्या नाहीत. त्यांनी मला भिवाचं सांगितलं. इथे येण्याआधीची गोष्ट, त्यांच्या नोकरीची पहिली वर्षं, गाव दुसरं. भिवाच्या पायात बाभळीचा काटा मोडला होता. दाराबाहेर ही गर्दी. "घेतलंय बाई," असं तो म्हणाला आणि यांनी ऐकलं. आठ दिवसांनी त्याची दातखीळ बसली. पाणी गिळवेना. अंधाऱ्या खोलीत ठेवला होता, तरी बाहेर तांब्या पडला की अंग कमानीसारखं वाकायचं. तो वाचला नाही. हे सांगून बाई म्हणाल्या, "मुकुंदा, तोंडाचं ऐकू नको. लोक खोटं न्हाई बोलत. त्यायला खरंच वाटतं, घेतलंय म्हणून."

सात मिनिटं झाली. आता शब्द मोडतो. उमा मॅडम, हे तुम्हालाही ठाऊक नाही.

आज सकाळी नंदाबाई स्वतःच्याच निरोपाच्या सतरंज्या अंथरत होत्या. कुणाचं काम त्यांना पटतं का? जिथे एरवी बैलगाड्या सुटतात त्या मातीत मांडवाची एक फळी पडली होती. तिचा खिळा चपलेतून थेट टाचेत गेला. त्यांनी साबणानं जखम धुतली, बांधली, आणि मला दम भरला, "मॅडमला सांगू नको. लोक लांबून येऊन राह्यले. कार्यक्रम होऊ दे, मंग बघू. मी घेतलंय." मी विचारलं, कधी? म्हणाल्या, "आकांक्षाच्या वेळी."

आकांक्षाताई, तुम्ही आज सत्तावीस वर्षांच्या आहात. सुईची ताकद दहाएक वर्षांत ओसरते.

मघाशी कार्यक्रम सुरू झाल्यावर मी पुन्हा म्हटलं, बाई, तोंडाचं ऐकू नको हे तुम्हीच शिकवलंत, निदान एक थेंब द्या. बोट पुढे केलं त्यांनी, स्वतःच्याच नियमापुढे बोलणार काय? तेवढ्यात माझं नाव पुकारलं गेलं, म्हणून पट्टी घेऊनच मी इथे आलो. ती या पुष्पगुच्छाच्या आड ठेवली आहे. बाई मघापासून मला डोळ्यांनी दटावताहेत ते त्याचसाठी. शेकडो पट्ट्या वाचल्या मी. पण आज मला भीती वाटते आहे, हे उघडच सांगतो. परगावाहून येऊन-जाऊन नोकरी करणाऱ्या मला या बाईंनी पोरासारखं वागवलं आहे.

दहा मिनिटं झाली.

एक रेघ आहे. थांबा, उजेडात धरतो. एकच आहे.

उमा मॅडम, शाल-श्रीफळ जरा मागे ठेवावं, शाल पांघरली की दंड मोकळा मिळत नाही. लस आत फ्रिजमध्ये आहे. दुसरं इंजेक्शन आपल्याकडे नाही. पण मिरवणुकीसाठी फुलं लावलेली जीप दारात उभी आहे, ती आता गावातून न फिरता जालन्याला जाईल. घाबरू नका, जखम सकाळचीच आहे, आपल्या हातात वेळ आहे. भिवाच्या बाबतीत वेळ राहिला नव्हता.

अध्यक्षांनी बोलू दिलं आणि तुम्ही ऐकून घेतलंत, याबद्दल सर्वांचा ऋणी आहे. बोलण्यात उणंअधिक झालं असेल, आणि दिलेला शब्द तर तुमच्यादेखत मोडला, तेवढं पोटात घाला. ज्या बाप्यांना आपण घेतलंय असं वाटतंय, त्यांनी जेवणाच्या पंगतीआधी आत येऊन जावं.

नंदाबाई, उठा. चौतीस वर्षांत तुम्ही आमचं ऐकलं नाहीत, आज आम्ही तुमचं ऐकणार नाही. कडूबाभाऊ, जरा पुढे या आणि यांचा हात धरा, यांना टाच टेकवत नाही.