चावी न घेणारं घड्याळ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आमचे संपादक महोदय. व्यासपीठावर विराजमान झालेले सन्माननीय पाहुणे. ज्यांच्यासाठी आपण जमलो ते सत्कारमूर्ती, आमच्या दैनिकाचे मुख्य मुद्रितशोधक, ज्यांना अख्खं कार्यालय पाठीमागे ‘वेलांटीकाका’ म्हणतं आणि हे आपल्याला ठाऊकच नाही असं जे मोठ्या मनाने दाखवतात. आणि समोर बसलेल्या सहकारी बंधुभगिनींनो,

अध्यक्षांनी मला ‘दोन शब्द’ बोलायला सांगितलं आहे. वार्ताहराला दोन शब्द सांगितले की तो दोन स्तंभ लिहून आणतो, आणि मग काका त्यातले दोन शब्द शिल्लक ठेवतात. गेली एकवीस वर्षं आमचा संसार असाच चालला. आज मी बोलतोय आणि काकांच्या हातात लाल पेन नाही, असा योग प्रथमच आला आहे. तो मी पुरेपूर उपभोगणार आहे, आधीच क्षमा असावी.

काकांनी या दैनिकाची अब्रू किती वेळा वाचवली, ते माझ्याआधीच्या वक्त्यांनी सांगितलं. मी त्यांच्या बसण्याविषयी बोलणार आहे. ‘बसणे’ हे व्याकरणात अकर्मक क्रियापद. काकांनी मात्र चौतीस वर्षं तेच कर्म म्हणून केलं. उजव्या हातात पेन, डावा हात कागदावर. तो इतका निश्चल की नवीन माणसाला वाटावं, कचेरीने पेपरवेट पुरवलेत. पंखा फिरतो, माणसं फिरतात, संपादकांची मतंसुद्धा फिरतात. काकांचा डावा हात फिरत नाही. हे ध्यानात ठेवा, पुढचं सगळं या हातावरच घडलं.

काकांना निरोपाची भेट म्हणून घड्याळ द्यायचं ठरलं. निवड करायला दोघांची समिती नेमली: जाहिरात विभागाच्या ताई आणि मी. ताईंना भाव कळतो आणि मला वेळ कळत नाही, म्हणून हा समतोल साधला असावा. घड्याळजींना आम्ही सांगितलं, रोजच्या वापराचं हवं, दिमाखाचं नको, आणि आमच्यासारख्यांच्या खिशाला झेपणारं हवं.

ते म्हणाले, “मग जपानी यांत्रिक घ्या. बॅटरी नाही, कटकट नाही. दणकट. वीस वर्षांनी उघडलं तरी दुरुस्त होईल.”

कंपनीचं नाव मी घेत नाही. घेतलं तर ताई उद्या त्यांना बिल पाठवतील.

मग सुरू झाला शास्त्रार्थ. तबकडी किती मोठी? काकांचं मनगट पेन्सिलीच्या कुळातलं, त्यावर मोठी तबकडी म्हणजे देठावर सूर्यफूल. आकडे ठळक हवेत. वार-तारीख हवी, कारण निवृत्तीनंतर माणूस आधी वार विसरतो. पाण्याचं विचारलं तर घड्याळजी म्हणाले, “पन्नास मीटर.” ताई म्हणाल्या, “अहो, ते भांडी घासतात तेवढं पाणी चालेल ना?” घड्याळजींनी व्यावसायिक गांभीर्याने मान डोलावली. अचूकतेचं विचारलं तेव्हा ते जरा घुटमळले. “दिवसाला पंधरा-वीस सेकंद इकडेतिकडे होणार. काट्यांमागे स्प्रिंग आहे, बॅटरी नाही.” मला प्रश्न पडला, जो माणूस एका अनुस्वारासाठी पान थांबवतो, तो वीस सेकंद सोडेल का?

म्हणून ठरवलं, आधी त्यांच्याच हातावर घालून बघायचं. घड्याळजींनी नमुन्याचं एक दिलं. मी काकांना थाप मारली, “मेहुण्यासाठी घेतोय, दोन दिवस वापरून मत द्या.” काकांनी ते गुरुवारी डाव्या हाताला बांधलं. शुक्रवारी दुपारी माझ्या टेबलावर ते परत आलं, सोबत चिठ्ठी. ती मी वाचून दाखवतो.

“घड्याळ तीन वाजून वीस मिनिटांनी थांबले. सोबतच्या माहितीपत्रकात ‘स्वयंचलित’ असे छापले आहे. हे चूक आहे. हात हलला तर ते चालते, म्हणजे ‘परचलित’. दुरुस्ती करावी. मेहुण्यास देऊ नये.”

बंधुभगिनींनो, दोष घड्याळाचा नव्हता. ही घड्याळं हाताच्या हालचालीवर ताकद साठवतात. आत एक अर्धगोल वजन फिरतं आणि चावी भरली जाते. माझ्या हातावर ते कधी थांबलं नसतं, मी बातमीमागे हिंडतो. काकांच्या हातावर त्या वजनाने बिचाऱ्याने दीड दिवस वाट पाहिली असेल.

घड्याळजी हसले. “सोपं आहे. हे नवीन यंत्राचं घ्या. हलण्यावरही चालतं आणि चावीही देता येते. थांबलं तर वीस फेरे द्यायचे.” आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. चावी देणाऱ्यांची आमच्या कार्यालयात वाण नाही. घड्याळ पक्कं झालं. पट्टा चामड्याचा की स्टीलचा, एवढंच काकूंना विचारावं म्हणून, काका कामावर असताना, आम्ही दोघं त्यांच्या घरी गेलो. गप्पांच्या ओघात चाचणीची हकिकत निघाली.

काकू म्हणाल्या, “थांबलं? किती वाजता?”

“तीन वीसला.”

“म्हणजे खरं बोलतंय.”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

“डॉक्टरांनी रोज पाऊण तास चालायला सांगितलंय,” काकू म्हणाल्या. “हे पाऊण तास बाहेर असतात, ते खरं. कोपऱ्यावरच्या बाकावर बसतात आणि तुमच्याच पेपरातल्या चुका काढतात. घरी येऊन म्हणतात, चाललो.”

ताई हसल्या. काकू हसल्या नाहीत.

“आजवर निदान कचेरीत जायला तरी उठत होते. आता तेही जाणार. मागच्या महिन्यात जिना चढताना मध्येच पायरीवर बसले. मला म्हणाले, बुटाची नाडी सुटली. पायात चप्पल होती.”

काका, हे मी चारचौघांत सांगतोय याचा राग येईल. यावा. रागाने माणूस उठून उभा तरी राहतो.

मग काकूंनी विचारलं, “तुम्ही पक्कं केलंत त्याला बसल्या जागी बोटांनी चावी देता येते?”

मी अभिमानाने म्हणालो, “येते की. तीच तर सोय आहे.”

“मग ते नको. पहिलंच आणा. ते थांबलेलं.”

ताई म्हणाल्या, “काकू, पण सगळी गिऱ्हाइकं चावीचंच मागतात म्हणे.”

“सगळी गिऱ्हाइकं माझ्या घरी राहत नाहीत,” काकू म्हणाल्या. “मला विचारायला लागू नये म्हणून म्हणतेय हो. रोज ‘चाललात का, चाललात का’ विचारून माझं तोंड दुखतं, आणि त्यांना खोटं बोलावं लागतं. दोघांनाही या वयात शोभत नाही. हातात बघितलं की कळेल मला.”

समितीचा ठराव रद्द झाला. घड्याळजींना मी सांगितलं, चावी न घेणारं द्या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसे काका माझ्या शुद्धलेखनाकडे पाहतात.

राहता राहिला मागच्या झाकणावरचा मजकूर. ‘चौतीस वर्षांच्या निष्कलंक सेवेबद्दल कृतज्ञतापूर्वक’ असं मी लिहिलं. आपल्या कार्यालयात अक्षर असलेला प्रत्येक कागद सवयीने एकाच टेबलावर जातो, हाही गेला. त्यात नाव नव्हतं, आणि ते कोणाबद्दल हे काकांनीही विचारलं नाही. ‘निष्कलंक’ खाली रेघ, समासात ‘पुरावा?’. ‘कृतज्ञतापूर्वक’ खोडलेलं, समासात ‘भावना गृहीत आहे’. ‘चौतीस वर्षांच्या’ खोडलेलं, ‘आकडा तपासावा’. झाकणावर आता ‘सेवेबद्दल.’ एवढंच आहे. पूर्णविराम काकांचा.

सभेचा फार वेळ घेतला. अध्यक्षांनी तीनदा आपल्या घड्याळाकडे पाहिलं, त्याबद्दल त्यांचे आभार. त्यांचं बॅटरीवरचं आहे, ते बसूनही चालतं. ताईंचे, घड्याळजींचे आणि आपणा सर्वांचे आभार. बोलण्याच्या भरात ऱ्हस्वाचं दीर्घ आणि घरातलं सभेत झालं असेल, तर ते पोटात घालावं.

आता भेटीचं. सत्कारमूर्तींनी खुर्चीत बसून भेट घ्यावी अशी रीत आहे. पण काका, घड्याळ व्यासपीठावर नाही. ते काकूंच्या पर्समध्ये आहे, आणि काकू मुद्दाम शेवटच्या रांगेत बसल्या आहेत. मधल्या वाटेने त्रेपन्न पावलं होतात, मी सकाळी मोजली. कोणीही हात धरू नये. वाटेत दमलात तर कुठल्याही रांगेत बसा, मात्र नाडी सुटली असं सांगू नका, आम्ही थांबू.

घड्याळ आत्ता बंद आहे. काकू ते बांधतील. मग परत येताना, काका, डावा हात तेवढा हलता ठेवा.