पट्टीनं पाणी धरलं होतं का?

तात्यांच्या शोकसभेला जमलेल्या सगळ्या मंडळींना नमस्कार. मी त्यांचा पुतण्या. लांब लुधियानाला कारखान्यात असतो. शाळा जेमतेम झालीय, चारचौघांत बोलायची सवय नाही. त्यात मघापासून जो उठतोय तो तात्यांच्या लोहारकामाच्या हाताची तारीफ करतोय. ऐकून बरं वाटायला पाहिजे. मला संशय येतोय.

कारण याच कडेगावात जत्रेपासून एकच बोलणं होतं. तात्यांचा हात गेला, कसब ऱ्हायलं न्हाई. व्हय का न्हाई, मंडळी?

तात्यांची रीत तुम्हाला ठाऊक आहे. सुरीसाठी कुणीही पट्टी आणू दे, आधी एक तुकडा कापायचा. लोहचुंबक चिकटायचं थांबेल इतका तापवायचा. तेलात बुडवायचा. बुडवायचं तेलात, पण म्हणायचं पाणी दिलं, म्हणजे कडक केलं. मग व्हाइसच्या जबड्यात आवळून वर घण मारायचा. तुटला तर पोलाद. वाकला तर नुसतं लोखंड, त्याला धार टिकत नाही. काकू म्हणायची, "आवं, जावयाचाबी तुकडा कापून बघशीला तुमी."

सुभेदारकाकांनी पट्टी आणली. ट्रकच्या कमानपाट्याची, म्हणजे पोलादाची, म्हणाले. तुकड्याचं नाव काढल्यावर काकांना राग आला. फौजेतल्या माणसाच्या शब्दावर संशय? तात्यांनी मान राखला. तुकडा न बघता सुरी केली. देताना तोंडावर सांगितलं, पट्टीनं पाणी धरलं न्हाई. काका म्हणाले, पट्टी चोख हाय. जत्रेत बोकडाच्या हाडावर ती सुरी वाकली. त्या दिवसापासून तात्यांची भट्टी थंड.

मी फोनवर म्हणालो, इथनं कंपनीच्या छापाची पोलादी पट्टी पाठवतो, नवी सुरी करून द्या. तात्या म्हणाले, "छाप लोखंडावरबी मारता येतोय रं." मग म्हणाले, "सुभेदाराच्या पट्टीचा उरलेला तुकडा भात्यामागं ठेवलाय. तू आलास की तू पाणी दे. मी दिलं तर हाताचाच संशय ऱ्हातोय."

मी पोचायच्या आत तात्या गेले.

सुतकात भट्टी पेटवत नाहीत. सुतक आज फिटलं. तुकडा हा माझ्या हातात आहे. सुभेदारकाका, जवळ या. त्याच पट्टीचा आहे ना, तुमीच ओळखा. तुमी खोटं बोलला असं मी म्हणत न्हाई. भंगारवाल्यानं तुम्हालाच फसवलं असेल. नायतर तात्यांचा हात खरंच गेला असेल. दोन्ही असू शकतं. तुकडा वाकला तर पट्टी खोटी, तुटला तर तात्यांचा हात चुकला. पण न बघता केलेली तारीफ मला नको, आणि न बघता केलेली बदनामीही नको.

आता भट्टी पेटवतो. पाणी मी देणार. घण सुभेदारकाकांनी मारायचा.

तोवर सगळ्यांनी उभं राहावं. कुणी बोलू नये. तात्या सांगायचे, पोलाद तुटताना टिचकन वाजतं. लोखंड गुमान वाकतं.

घणाच्या मागनं टिचकन दुसरा आवाज आला नाही, तर तीच तात्यांना श्रद्धांजली.