चादरीचे दुसरे टोक

माझे नाव, वय ४१ वर्षे आणि पत्ता वरच्या रकान्यांत लिहून घेतले आहे, ते बरोबर आहे. धंदा लाँड्रीत इस्त्री करणे व घड्या घालणे, सध्या खाडे चालू आहेत. पाण्याच्या टाकीमागील इमारतीत तळमजल्यावर पती आणि सासूबाई यांच्यासह राहते. मी आज स्वतः पोलीस ठाण्यात आले असून कोणी न पढवता सांगते ते असे की,

माझे पती लिफ्ट दुरुस्तीची कामे करतात. साधारण तीन महिन्यांपूर्वी सकाळी ते मोटारसायकलवरून कामाला निघाले असताना बेकरीच्या गल्लीतून एक मालाची व्हॅन पुढचे मागचे न बघता मोठ्या रस्त्यावर आली व तिच्या धडकेने ते पडले. हेल्मेट होते म्हणून डोके वाचले. कंबरेचा मणका, खुबा आणि डावा पाय यांना जबर मार लागला. चालक कोण होता हे त्या वेळी समजले नाही व अज्ञात चालकाविरुद्ध तशी नोंद याच ठाण्यात आहे. आज माझ्या धाकट्या दिराने त्या चालकाला इथे आणून हजर केले आहे. तो बाहेर बाकावर बसला आहे. त्याला मी ओळखते. अपघाताच्या दुसऱ्या दिवसापासून तो आमच्याकडे येतो. विचारल्यावरून सांगते की, होय, रोज.

दुसऱ्या दिवशी हा माणूस दवाखान्यात वॉर्डच्या दाराशी उभा होता. मी विचारले, कोण पाहिजे. तो म्हणाला, "अपघात झाला तेव्हा मी तिथेच होतो. ॲम्ब्युलन्स मीच बोलावली." हे खोटे नव्हते. पतींना एक्स-रेसाठी न्यायचे होते आणि वॉर्डबॉय शोधून सापडत नव्हता. याने स्ट्रेचरला हात लावला. मला त्या वेळी हात हवे होते, चौकशा करत बसायला सवड नव्हती.

पतींच्या अंगाचा भार थोड्या थोड्या वेळाने उशा सरकवून बदलावा लागतो, ते मी एकटी करते. परंतु दिवसातून चार वेळा त्यांना पूर्ण उचलून कूस बदलावी लागते. अंगाखाली एक आडवी चादर असते. तिची टोके दोघांनी दोन बाजूंनी गुंडाळून घट्ट धरायची आणि एकाच वेळी उचलायचे. एक जण जरी मागेपुढे झाला तरी कंबर पिळली जाते. नर्सने हे मला आणि या माणसाला शिकवले, कारण शिकवायच्या वेळी पलंगाजवळ आम्ही दोघेच होतो. एक, दोन, तीन मी म्हणते. लाँड्रीत मोठ्या चादरींच्या घड्या आम्ही दोघी दोघी मिळून घालतो, आणि समोरचा माणूस कसा आहे हे तिथे दोन चादरींत कळते. याचा हात चांगला होता. पती घरी आल्यावरही तो येत राहिला. पहाटे पाव पोचवून झाले की तो मोकळा असतो आणि बेकरी आमच्या घरापासून जवळ आहे.

विचारल्यावरून सांगते की, दिरानेही सुरुवातीला आठवडाभर टोक धरून पाहिले. तो कामचुकार नाही, भावावर त्याचा फार जीव आहे. पण भाऊ कण्हला की त्याच्या हातातले बळच जाते. त्यात त्याचा दोष नाही.

मध्यंतरी सदर इसम तापाने दोन दिवस आला नाही. दीर परगावी होता. मी आणि सासूबाईंनी करून पाहिले. सासूबाई सत्तरीच्या पुढे आहेत, त्यांच्या हातातून टोक सुटले. खुब्यावर जखम झाली आणि ती भरता भरेना. डॉक्टरांनी मला सगळ्यांसमोर झापले. म्हणाले, अशी जखम पुन्हा झाली आणि हाडापर्यंत गेली तर माणूस हाती लागणार नाही. अजून दोन महिने तरी हे असेच करायचे आहे.

साहेब सदर इसम असे लिहायला सांगतात. आमच्या घरी त्याला पाहुणे म्हणतात. हे नाव पतींनी पाडले. ते पहिल्यापासून थट्टेखोर आहेत. उचलताना म्हणतात, "लिफ्ट वर निघाली, दार लावून घ्या." हा इसम पहिला महिनाभर चहालाही नको म्हणत असे. सासूबाई म्हणायच्या, "रोज येतोस आणि चहा घेत नाहीस. तुझं पोट दुखतंय की आमचे कप वाईट आहेत?" नंतर घेऊ लागला.

साधारण दोन आठवड्यांपूर्वी मी पतींची दाढी करत असताना ते म्हणाले, "पाहुणे आहेत ना, व्हॅन तेच चालवत होते."

माझ्या हातात वस्तरा होता. मी आधी तो खाली ठेवला. मग विचारले, "कधी कळलं तुम्हाला?"

"दवाखान्यात पहिल्यांदा बोलला तेव्हाच. आवाजावरून. मी रस्त्यावर पडलो होतो ना, तेव्हा हाच माझं डोकं धरून बसला होता. दादा, डोळे मिटू नका, दादा, हलू नका, असं सारखं चाललं होतं. मध्येच म्हणाला, दादा, माझं लक्ष नव्हतं हो. मग ॲम्ब्युलन्स आली आणि आवाज गेला."

"आणि तुम्ही एवढे दिवस गप्प बसलात?"

"बोललो असतो तर दुसऱ्या दिवशी आला असता का तो? तू एकटी काय मला खांद्यावर घेणार होतीस?" असे म्हणून त्यांनी हनुवटी वर केली. मग म्हणाले, "कर आता पुढं. साबण वाळतोय."

विचारल्यावरून सांगते की, पतींनी त्यांच्या जबाबात चालकाला पाहिले नाही असे सांगितले ते खरे आहे. त्यांनी पाहिले नव्हते. काही ऐकलेत का, असे त्यांना कोणी विचारले नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी सदर इसम नेहमीप्रमाणे आला. हात धुतले, चादरीचे टोक गुंडाळले. मी एक म्हटले, दोन म्हटले. तीन तोंडातून निघेना. मी त्याच्या तोंडाकडे पाहत होते. त्या क्षणी त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली, हे लिहावे. पण चादर सोडता येत नव्हती. त्याला काय ते समजले असावे, कारण त्याचा चेहरा उतरला. तोही टोक धरून तसाच उभा राहिला. मग हळू म्हणाला, "वहिनी, तीन म्हणा." मी म्हटले. कूस बदलून झाल्यावर तो म्हणाला, "वहिनी, मी सांगणारच होतो." मी म्हटले, "आत्ता नको. आधी ती उशी द्या पाठीशी." त्याने दिली. पुढे यावर आमचे बोलणे झाले नाही.

हे कळल्यावर ठाण्यात का कळवले नाही असे विचारल्यावरून सांगते की, वेळ मिळाला नाही. साहेबांना हे उत्तर उडवाउडवीचे वाटले. तसे नाही. औषधे, अंग पुसणे, भांडी, धुणे, पुन्हा उशा, सासूबाईंचे गुडघे. यातून मी टेकते तेव्हा बसल्या जागी डोळा लागतो. रागवायलासुद्धा अंगात काहीतरी शिल्लक लागते. आणि दुसरे म्हणजे मला भीती वाटत होती. मी सांगितले असते तर तुम्ही त्याला घेऊन गेला असता आणि त्या संध्याकाळी समोरचे टोक धरायला कोणी नसते. दोन्ही कारणे खरी आहेत.

आज सकाळी दीर बेकरीत पाव घ्यायला गेला होता. तिथे मागे उभ्या असलेल्या व्हॅनचा एका बाजूचा पत्रा ठोकून रंगवलेला त्याला दिसला. विचारपूस करता सगळेच कळले. तो तडक घरी आला. सदर इसम तेव्हा मोरीत हात धूत होता. दिराने त्याची कॉलर धरली. त्याने हात उगारला नाही की नाकबूल केले नाही. एवढेच म्हणाला, "दादांची कूस बदलून घेऊ द्या, मग चला." दिराने ऐकले नाही. पती आतून "अरे, सोड त्याला" असे ओरडत होते, तेही त्याने ऐकले नाही. मला म्हणाला, "वहिनी, यानं दादाला अंथरुणाला खिळवलं आणि तुम्ही याला चहा पाजता?"  

सासूबाईंना तोवर काहीच माहीत नव्हते. त्या पुष्कळ रडल्या, त्याला वाट्टेल तसे बोलल्या. मग तोंड पुसून मला विचारले, "म्हणजे आता दुपारी कोण येणार?" सकाळची कूस अजून बदललेली नाही.

माझी तक्रार आहे काय असे विचारल्यावरून सांगते की, आहे. हवालदारांनी माझे सगळे ऐकून "माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही" असे सवयीने लिहून टाकले होते. ते मी खोडायला लावले. या माणसाने न बघता गाडी काढली, माझ्या नवऱ्याला पाडले आणि तोंड लपवून निघून गेला. नंतर आला, हे खरे. आधी गेला होता, हेही खरे. त्याने कितीही दिवस चादर धरली तरी माझा नवरा अजून पायावर उभा राहिलेला नाही, आणि राहील असे कोणी छातीठोक सांगत नाही. मी त्याला माफ केलेले नाही. पतींनी केले असेल तर ते त्यांचे त्यांना विचारावे. खटला व्हावा, कोर्टाने काय ती शिक्षा द्यावी. मी तिथे येऊन हेच सांगेन.

त्यावर साहेब म्हणाले की, जामीन मिळण्यासारखे आहे, पण त्याचे इथे कोणी नाही आणि बेकरीच्या मालकाने हात वर केले आहेत, तेव्हा आज त्याला आत ठेवावे लागेल. त्यावरून सांगते की, जामीन मी राहते.

हवालदार म्हणाले, "अहो बाई, तक्रारही तुमची आणि जामीनही तुमचा? असं कधी होतं का?"

मी म्हटले, "होत नाही असं कुठं लिहिलंय का? असेल तर दाखवा, पण लवकर दाखवा. ते सकाळपासून एकाच कुशीवर आहेत."

हवालदारांनी साहेबांकडे पाहिले. साहेबांनी मला आधी पाणी प्यायला लावले आणि मग जामिनाचे कागद मागवले.

सदर इसम पळून जाण्याचा संभव आहे काय असे विचारल्यावरून सांगते की, एकदा गेला होता. त्यानंतर ठरल्या वेळी येतो. त्याला समन्स बजावायचे झाल्यास सकाळी, दुपारी, संध्याकाळी किंवा रात्री माझ्या घरी यावे, तो तिथे असेल. येणाऱ्याने हात धुऊन आत यावे.

वर लिहिलेले मला सावकाश वाचून दाखवले. खोडलेल्या ओळीशेजारी मी सही केली आहे, बाकी मी बोलले तसेच उतरले आहे. तक्रार करणारीचा पत्ता, जामीन राहणारीचा पत्ता आणि आरोपी सापडेल तो पत्ता, असे तिन्ही ठिकाणी एकच घर लिहिलेले आहे. ते चुकून झालेले नाही.