आतला बॉल

प्रबोध : वेग उत्तम आहे. ताशी ब्याण्णव, त्र्याण्णव मैल, बेसबॉलला हवा तसा. खांदाही मोकळा वाटतोय. पण कुशल, मघापासून तुझे सगळे बॉल बाहेर चाललेत.

कुशल : मुद्दामच, काका. बाहेरच्या कोपऱ्यावर कंट्रोल दाखवतोय.

प्रबोध : बरं, आता एक आत टाक. बॅटर उभा असता तर त्याच्या छातीजवळून जाईल असा.

कुशल : टाकतो ना. जरा पाणी पितो.

जाई : दादा, आत्ताच प्यायलास की!

कुशल : उकडतंय, जाई. तू बस ना तिथे.

जाई : काका, मी रोज याच्यासमोर ग्लव्ह धरून बसते. आत मागितला तरी हा बाहेरच टाकतो. एव्हरी टाइम. आईला सांगू नकोस म्हणतो. ती बिचारी याची परत जायची बॅग भरतेय.

कुशल : जाई!

जाई : व्हाय, खोटं बोलतेय का मी?

प्रबोध : जाई, दोन मिनिटं थांब. कुशल, इकडे ये. त्या मॅचनंतर एकदाही आत टाकलायस?

कुशल : ...नाही.

प्रबोध : तिकडे क्लबला माहितीये?

कुशल : त्यांना वाटतंय खांदा दुखतो म्हणून. आधी घरी जाऊन बरा हो म्हणाले. आणि तपासून रिपोर्ट द्यायला इथे तुम्हालाच सांगितलं. मला वाटलं, बरं झालं, घरचाच माणूस.

प्रबोध : इथली पोरं मीच हेरतो त्यांच्यासाठी, तुझं नावही मीच सुचवलं होतं. आर्मीची सक्तीची नोकरी संपवून सुटलास त्याच आठवड्यात. म्हणून तर मला जास्त भीती वाटतेय. कसा आहे तो, बॉल लागलेला मुलगा?

कुशल : मार्कस. डाव्या डोळ्याने नुसत्या सावल्या दिसतात त्याला. पाऊस पडत होता, काका. बॉल ओला होता, बोटांतून सुटला. मला कळलं होतं सुटताना. ओरडलो पण. पण एवढ्या वेगात कोण ऐकणार?

प्रबोध : तुझी चूक नव्हती. सगळ्यांनी सांगितलं तेच.

कुशल : मी फोन केला होता. त्याच्या आईने उचलला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तर म्हणाली, तू जेवतोस ना नीट?

जाई : हे तू मला नाही सांगितलंस.

कुशल : काय सांगणार? काका, रिपोर्टमध्ये हात बरा आहे एवढंच लिहा ना. खोटं नाहीये ते.

प्रबोध : हात बराच आहे. पण लीग तुला आत टाकायला लावणारच. तू घाबरून टाकशील आणि परत कुणाच्या तरी तोंडावर बसेल. मग मला झोप लागेल का?

कुशल : आणि लिहिलंत तर ते मला काढतील.

प्रबोध : काढतीलही. आत्ता काय होतं ते सांग. तिथे तर कुणीच उभं नाही.

कुशल : आहे. मी हात वर घेतला की तो दिसतो. हेल्मेट खाली सरकलेलं. हसतोय, पाऊस पुसतोय.

प्रबोध : जाई, बॅगेतलं हेल्मेट दे. पुढे जाळी आहे ते.

जाई : काका, नो! तुम्ही साठीचे आहात!

प्रबोध : एकोणसाठ. कुशल, मी उभा राहतो. मग तिथे मी दिसेन.

कुशल : मी नाही टाकणार. वेड लागलंय का तुम्हाला? स्मिताकाकूंना काय सांगू मी?

प्रबोध : हळू टाक. वेग माझा मोजून झालाय. अगदी शाळेतल्या पोरासारखा टाक.

कुशल : नकोच, काका. बाजूला व्हा.

प्रबोध : भीती मलाही वाटतेय. मी दादरला क्रिकेट खेळलेला माणूस. आमच्याकडे बॉल आधी टप्पा खातो, तेवढा वेळ तरी मिळतो. हा थेट अंगावर येतो.

जाई : दादा, फक्त माझ्या ग्लव्हकडे बघ. काकांकडे नको. इथे. हा बघ, इथे.

कुशल : तू ग्लव्ह हलवू नकोस.

जाई : नाही हलवत. प्रॉमिस.

कुशल : काका, वाटलं तर मागे व्हा. लगेच मागे व्हा हं.

प्रबोध : टाक रे.

(बॉल ग्लव्हमध्ये आपटतो. प्रबोध मातीत बसलेला.)

कुशल : काका! काका, लागलं? कुठे लागलं? जाई, ॲम्ब्युलन्स—

जाई : दादा, लिसन! बॉल माझ्याकडे आहे. काकांना लागलाच नाही.

प्रबोध : मीच घाबरून पडलो रे. डोळे मिटले. कुठून गेला?

जाई : आतून. एकदम बरोबर. स्ट्राइक, काका.

कुशल : खरंच?

जाई : ग्लव्ह हललाच नाही माझा.

प्रबोध : ए, रडू नकोस. बस इथे, माझ्याशेजारी.

कुशल : मला वाटलं परत... तुम्ही खाली गेलात ना, मला वाटलं परत तेच.

प्रबोध : कळलं मला.

कुशल : काय लिहिणार तुम्ही?

प्रबोध : पाहिलं तेच. हात बरा आहे. पोरगा घाबरलेला आहे. इतक्यात मॅचला उभा करू नका, इथे माझ्याकडे राहू द्या, मी रोज सराव घेतो. ऐकतील की नाही, ते मी सांगू शकत नाही.

कुशल : नाही ऐकलं तर?

प्रबोध : तर आईला आपण दोघं मिळून सांगू. घर माझ्याही ओळखीचं आहे.

जाई : मी पण येते.

कुशल : ...काका, अजून एक टाकू?

प्रबोध : टाक. आधी मला हात दे, उठू दे.