सत्यभामेची केळी आणि देवाचा कौल

मंडळी, ऐका. संकट येणार हे ठाऊक आहे, पण कुठून येणार ते ठाऊक नाही. मग माणसानं काय करावं? सांगतो.

कोकणात एक वाडी. तिथं सत्यभामा नावाची बाई. नवरा गेलेला, एकुलती लेक चंपा, आणि चंपाचं लग्न आठवड्यावर! घरामागं केळीची बाग. पंगतीला केळी तिथलीच, जेवायची पानंही तिथलीच. बाग गेली तर वऱ्हाड जेवणार कशावर? माझ्या चिपळ्यांवर?

आणि नेमकी माकडांची टोळी उतरली. बागेच्या एका बाजूला डोंगर, एका बाजूला ओढा, एका बाजूला देऊळ. राखणीला गडी तीन, कुत्रा एक. एकेकट्याला टोळी हटायची नाही, मग पुरणार कसे?

वाडीची रीत अशी, की अडलं की देवाला कौल लावायचा. राघो गुरवानं मूर्तीच्या दोन्ही अंगांना ओली फुलं चिकटवली. "देवा, माकडं डोंगराकडून येणार का?" उजवं फूल पडलं. म्हणजे हो! तिन्ही गडी, कुत्र्यासकट, डोंगराकडे. विड्या काय, गप्पा काय! माकडं आली ओढ्याकडून. दोन घड फस्त.

दुसऱ्या दिवशी पुन्हा कौल. देव म्हणाला, ओढा. गडी ओढ्यावर — माकडं डोंगराकडून! हसताय? गुरवाला तोंड दाखवायची सोय राहिली नव्हती हो. आणि सत्यभामा रडत होती.

मग काय, देव खोटा? छे! तिनंच डोळे पुसले. म्हणाली, "राघोभाऊ, देवाला कशाला अडचणीत टाकता? माकडं आंब्यावर बसून बघतात, आपण कुठं बसलोय ते. मग ठरवतात. त्यांचंच अजून ठरलं नाही, ते देव काय सांगणार?"

"मग विचारू तरी काय?"

"विचारा, माझ्या अकलेनं राखण लावते, पाठीशी उभा राहशील का?"

उजवं फूल पडलं — टपकन!

तिनं आधी तयार घड उतरवून घरात टांगले, पानं कापून ठेवली. लग्न ज्यावर अडलं असतं ते आधी आत. मग एक गडी डोंगराकडे, एक ओढ्याकडे, हातात रिकामे डबे. तिसरा, धोंडू, कुत्र्यासकट मधोमध माचावर. "धोंडू, तू कुठल्याच बाजूचा नाहीस. डबा वाजेल तिकडे पळ, आणि देवळाकडे नजर ठेव. तिथली कडेची एक केळ माकडांचीच समज."

माकडं कुठून आली? देवळाकडून! कडेची केळ मोडली, तोवर धोंडू धावला, कुत्रा भुंकला, टोळी पसार. एक केळ गेली. बाग राहिली, लग्न थाटात झालं. आणि देवळाच्या कौलांवर बसलेल्या पाहुण्यांसाठी सत्यभामेनं कुंपणाबाहेर एक पान वाढलं, शिऱ्यासकट!

आता तुमचं बोलू. एकादशीला तोंडाची राखण किती कडक! साबुदाण्याच्या पलीकडे काही आत जाऊ देत नाही. आणि त्याच तोंडातून सुनेसाठी काय काय बाहेर पडतं? सगळे गडी एकाच दाराशी बसवलेत, माऊली! लोभ अडवता, तोवर राग आत येऊन जेवून जातो. कुठला कधी येईल, मला ठाऊक नाही, तुम्हाला नाही. म्हणून मनाचा एक धोंडू मधे मोकळा ठेवा. त्याच्या तोंडी देवाचं नाव द्या, म्हणजे त्याला झोप लागणार नाही.

म्हणा मंडळी, देवाचं नाव, सगळे मिळून — आणि सासूबाई, तुम्ही जरा मोठ्यानं!