मधातला स्पीकर

नाई, तिथं नाई. तिथं सोडून कुठंही लाव. तुले एकदा सांगितलं ना, प्रफुल्ल — प्रफुल्लच नाव सांगितलं ना तू? — मग पुन्हा त्याच जागेवर टेप धरून काऊन उभा आहे? सेंटर स्पीकर मधात पायजे, हे मले समजते. सिंदीले तीस वर्षं हार्डवेअरचं दुकान चालवलं मी, आणि तू मले लेव्हल कशी धरतात ते शिकवून राह्यला. पण या हॉलमधी मधात आहेच कुठं? पाय ना. इकडे खिडकी, तिकडे कॉलम, त्या कोपऱ्यात जिना अंगावर येते — दहा बाय एकोणीस, हा हॉल नाई, आगगाडीचा डबा आहे. टीव्ही खिडकीजवळ लटकला, सोफा कॉलमच्या मागे, आणि तू म्हणतो आवाज नटाच्या तोंडातून आल्यासारखा वाटला पायजे. वाटला नाई तर काय होते? मले कोणता सिनेमा पाह्यचा आहे? पोरीनं पाठवलं हे लटांबर पुण्याहून. मयुरीले वाटते, आई इकडे बाळंतपणाले आली तर बाबा तिकडे एकटा बोर होत असन. बोर होते म्हणून माणसाच्या घरात पाच डबे अन् एक वूफर धाडते का कोणी? आजकालच्या पोरांले फोन कराले वेळ नसते, डबे धाडाले असते.

कोनाड्यात बरोबर बसते म्हणतो. हाव, बसन. पण कोनाडा नाई तो, दरवाजा होता. चौकट पाय — सागवानी आहे, काढवली नाई मी. मधात विटा भरल्या, चार इंची. भिंत नऊ इंची आहे, म्हणून तुले कोनाडा दिसते. पलीकडे माह्या भावाचं घर आहे, ताराचंदचं. वीस बाय एकोणीसचा एकच हॉल होता हा, साऱ्या बोरगावात एवढा हॉल नव्हता. वाटणी झाली तेव्हा मधात भिंत घातली आणि आईसाठी दरवाजा ठेवला, तिले दोन्हीकडे जाता-येता यावं म्हणून. आई गेल्यावर भरून टाकला. नऊ वर्षं झाली. काऊन म्हणजे? तुले स्पीकर लावाचा आहे का पंचायत कराची आहे?

आता विचारलंच तर ऐक. आईच्या तेरवीची पंगत बसली होती. पाव्हणे, गावातले, सारे. आणि हा ताराचंद — विम्याचा एजंट, जिंदगीभर बोलण्याचीच भाकर खाल्ली त्यानं, मुका माणूसही त्याच्याजवळ पॉलिसी काढून जाय — हा वाढता वाढता काय म्हणते, तर आई शेवटचे सहा महिने माह्याच घरी जेवली, दादाकडे फक्त झोपाले जाय. हसत म्हटलं. पंगतीत. आता खरं होतं म्हणून काय पंगतीत सांगाचं असते? माह्या बायकोच्या, प्रमिलाच्या हातचं तिले तिखट लागे, तर आम्ही काय उपाशी ठेवलतं तिले? मले बोलता येत नाई त्याच्यासारखं. दुसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री बोलावला. तो विचारे, नऊ इंची भरू का, दादा? मी म्हटलं, चारच भर. विटा काही कमी नव्हत्या माह्याजवळ. बस, असंच म्हटलं.

चार इंचीतून सारं ऐकू येते, तुले सांगतो. म्हणूनच म्हणतो, स्पीकर तिथं ठेवशील तर माहा सिनेमा त्याले फुकटात. मी काऊन ऐकवू? आणि मले त्याचं ऐकू येते तेवढं पुरे आहे — सकाळी सहाले खोकणार, मग ते नाकात पाणी घेणं, मग साऱ्या गल्लीले ऐकू जाईल एवढ्यानं फोनवर बोलणं. नऊ वर्षं ऐकून राह्यलो. मी मुद्दाम ऐकत नाई. खुर्ची तिथं आहे म्हणून ऐकू येते. हाव, तीच खुर्ची. टीव्ही तिथून दिसत नाई, मले माहीत आहे, तू सांगाची गरज नाई. हवा लागते तिथं. खिडकी तिकडे आहे तरी हवा इथंच लागते — तुले काय कराचं?

दिवाळीच्या आधी त्याले लकवा मारला. उजवी बाजू गेली, अन् बोलणं गेलं. देवही कसा, पाय — माणसाजवळ जे एकच होतं तेच घेतलं. सेवाग्रामच्या दवाखान्यात ठेवलतं महिनाभर. मी गेलो नाई. प्रमिला गेलती, मी तिले विचारलं नाई. घरी आणला तेव्हा खाट याच भिंतीले लावली — ओढल्याचा आवाज आला ना, एवढं समजते मले. मग त्याची बायको, आनंदा, रोज संध्याकाळी त्याले बोलाले शिकवे. लहान पोराले शिकवल्यासारखं. पाणी म्हणा. चहा म्हणा. एक ते दहा म्हणा. ज्यानं अर्ध्या जिल्ह्याले मरणाचे फायदे समजावून सांगितले, त्याले एक ते दहा येईना. सहावर अडके. रोज सहावर. पाच, सहा — अन् मग तो घशातला आवाज. काय सांगू तुले, कीव येत नाई, राग येते. एवढा मोठा बाप्या माणूस. मी इकडून म्हणो, सात म्हण ना बे, सात. — हळू म्हणो. तिकडे जाईल असं नाई. एक दिवस म्हटलं त्यानं. सात, आठ, सारं. आनंदा रडली वाटते. मी त्या दिवशी दोनदा चहा केला, साखर जास्त पडली.

काय पाहून राह्यला माह्या तोंडाकडे? ते ड्रिल खाली ठेव. भोक-बिक पाडाचं नाई तिथं, आवाज जाते तिकडे. कोणी झोपलं असन, काही असन.

नाई — आज चार दिवस झाले, काही ऐकू येत नाई. खोकला नाई, सहा नाई, सात नाई. कुकरची शिटीसुद्धा नाई. गेला असता तर रडारड ऐकू आली असती, पाव्हणे आले असते, एवढी अक्कल आहे मले. कुलूप नाई दाराले. दुधाले जाताना चपला दिसतात बाहेर, दोन जोड, पण लकव्यानंतर दाराशी टेकून असे ती त्याची काठी नाई दिसत. प्रमिला रोज फोनवर विचारते, ताराचंद भाऊजी कसे आहेत. मी म्हणतो मले काय माहीत, मी काय त्याचा डॉक्टर आहे? बायकांले तेवढंच. तिले म्हणता येते, आनंदाले लाव फोन अन् विचार. पण मग ती विचारेल, तुम्हाले काऊन पायजे.

राहू दे ते. खोक्यात भर सारं. मयुरीले मी सांगीन, हॉल बरोबर नाई, स्पीकर बसत नाई. खोटं काय आहे त्यात? तुह्या कंपनीच्या कागदावर सही करून देतो, आण. हे घे.

आणि ऐक. जाता जाता त्या घराची बेल दाब. माहा निरोप म्हणू नको, माहं नावही घेऊ नको. म्हणजो, कंपनीतून आलो, टीव्ही-बिव्ही दुरुस्तीचं काही काम आहे का. आनंदा आत बोलावेल, ती कोणालेही आत बोलावते. हॉलमधी पाह्यजो. खाट भिंतीले आहे का आतल्या खोलीत नेली, अन् तो बसून आहे का लेटून, बस एवढंच. मले सांगाले परत येऊ नको, गल्लीतले पाहतात. नंबर आहे ना माहा तुह्याजवळ? बसून असला तर एक मिस कॉल दे. मी उचलणार नाई.

लेटून असला तर —

निघ आता. उभा काऊन आहे? दरवाजा लोटून घेजो.