कोपऱ्यातली तारीख

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात ग्रंथपालबाई बिघडलेला प्रिंटर मांडीवर घेऊन ताटकळत बसल्या होत्या. शेजारच्या बाकावर एक बहीणभाऊ. बहिणीचा पाय एकसारखा हलत होता.

"अजून किती जण आहेत रे पुढे?"

"या बाई, मग आपणच. ताई, मी बाबांना नवाकोरा कॉम्प्युटर घेऊन दिला आणि तू त्यात परत जुनीच सिस्टीम घातलीस?"

"नवीच्या आत, एका खिडकीत चालते ती. आज सकाळपासून उघडेना. नुसती नवी बघून बिथरतात रे ते, हे कुणाचं ऑफिस म्हणतात. जुनी दिसली की मुकाट नकाशे काढत बसतात."

"आणि परवा स्क्रीनच्या कोपऱ्यात तारीख एवढी जुनी कशी दिसली?"

"मीच मागे नेऊन ठेवलीय. तेव्हा आई होती."

"अगं, मग संध्याकाळी तिची वाट बघत असतील."

"बघतात ना. केस विंचरून बसतात."

"मग?"

"मग मी मागच्या दाराने बाहेर पडते आणि पुढे येऊन आईसारखी बेल वाजवते. किती वाजले रे?"

ग्रंथपालबाईंनी प्रिंटर खाली ठेवला.

"तुम्ही व्हा पुढे."